ठेवायची की बदलायची?

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. मधले तीन वीकेंड ऑफिसच्या एका रिलीजने खाल्ले आणि चौथ्या वीकेंडला गावी गेलो. गाव म्हणजे बार्शीटाकळी. अकोल्याहून मंगरूळपीरच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर. (सोलापूरकडची बार्शी वेगळी. पुण्यात हे दर वेळी सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगून टाकतो.)

घरी पोचलो तर काका ओट्यावर बसलेले, अंगणात त्यांची आरएक्स १०० स्टँडवर लावलेली आणि अकोल्याहून आलेली दोन पोरं तिच्याभोवती घिरट्या घालत होती. एक जण मोबाईलवर फोटो काढत होता, दुसरा इंजिनपाशी वाकून नंबर वाचत होता. मग त्यातल्या एकाने आकडा सांगितला. काका नुसतंच "पाहू" म्हणाले. तो आकडा नव्या कोऱ्या गाडीच्या किमतीपेक्षा फार खाली नव्हता.

पोरं गेल्यावर मी विचारलं, "काका, गाडी विकून राह्यले का काय तुम्ही?"

"हाव. कोनी चांगला भेटला तं देऊन टाकतो."

"काहून पण?"

"गुडघा. किक माराले जमत नाई आता. वावरात गेलो का वापस येतानी कोनाले तरी बलवा लागते किक माराले. सेल्फवाली घेतो एखांदी."

"पण काका, आरएक्स आहे ही! अशी गाडी आता भेटत नाही कुठे."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुले नसन भेटत. माह्यापाशी तं तीस वर्सापासून हाय."

यावर काय बोलणार? गप्प बसलो. पण रात्री अकोला-पुणे बसमध्ये झोप येईना. गाडी काकांची, गुडघा काकांचा, मग वाईट मला का वाटतंय? मी ती गाडी शेवटची चालवली त्याला आठ वर्षं तरी झाली असतील. या विचारातून हा लेख निघाला. थोडा लांबलाय, चहा घेऊन बसा.

जुनी ठेवायची की नवी घ्यायची हा प्रश्न आपल्याला सनातन वाटतो. पण गाड्यांच्या बाबतीत आपल्याकडे तो साध्या माणसाला पडायला लागून जेमतेम तीस-पस्तीस वर्षं झाली आहेत. त्याआधी तो राजेरजवाड्यांपुरता होता, आणि मधली चाळीसेक वर्षं तर तो जवळजवळ कुणालाच पडला नाही.

सुरुवात राजापासून करू. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे), जन्म १९०८, मृत्यू १९६१. युरोपात शिकलेला, नव्या गोष्टींचं वेड असलेला तरुण राजा. १९३० च्या दशकात त्यांनी एकार्ट मुथेसियस नावाच्या जर्मन वास्तुरचनाकाराकडून माणिक बाग राजवाडा असा काही सजवून घेतला की आजही कलेचे अभ्यासक त्यावर लिहितात. याच काळात त्यांनी अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीची एसजे मॉडेलची गाडी मागवली. चासी आणि इंजिन अमेरिकेतलं, वरची दोन माणसांची उघडी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यातली. आठ सिलिंडर, सुमारे सात लिटरचं इंजिन, वर सुपरचार्जर. कंपनी ३२० अश्वशक्तीचा दावा करायची. रंग केशरी आणि काळा. १९३५-३६ सालची ही गोष्ट आहे हे लक्षात घ्या.

होळकरांना 'ठेवू की बदलू' असा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. नवी आली म्हणून जुनी काढायची गरज नाही, गॅरेज मोठं होतं. आणि गाडी बिघडली तर बॉनेट उघडून आत डोकं घालणारा माणूस वेगळा होता. त्याला पगार होता. त्या माणसाचं नाव कुठल्याही गाड्यांच्या पुस्तकात येत नाही, पण गाडी त्याच्या हातावर चालायची.

पुढे काय झालं? ड्युसेनबर्ग कंपनी १९३७ मध्ये बंद पडली. म्हणजे गाडी दोन वर्षांची व्हायच्या आत तिचा कारखानाच गेला! १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन सगळ्याच संस्थानिकांचे तनखे गेले. गॅरेजं ओस पडली, मिस्त्र्यांचे पगार थांबले आणि देशभरातल्या राजवाड्यांतून अशा गाड्या निघून परदेशी संग्राहकांकडे गेल्या. होळकरांची ड्युसेनबर्गही अमेरिकेत गेली. आपला वारसा परदेशी गेला अशी हळहळ नंतर पुष्कळ झाली आणि सरकारने जुन्या गाड्यांच्या निर्यातीवर बंदीही घातली. पण त्या काळात सात लिटरच्या इंजिनात पेट्रोल कोण ओतणार होतं?

आता मधली चाळीस वर्षं. इथे आपले सोलापूरचे वालचंद हिराचंद येतात. जन्म १८८२. जहाजं, विमानं, मोटारी, सगळं या देशात बनलं पाहिजे असा ध्यास घेतलेला माणूस. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला क्रायस्लरच्या गाड्यांचे सुटे भाग आणून जोडायचे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारने ठरवलं की ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचंय त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी जावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेले. वालचंद त्याच वर्षी वारले. १९५४ मध्ये प्रीमियरने फियाट ११०० बाजारात आणली.

पुढचा क्रम जुन्या पिढीला तोंडपाठ असतो. १९६४ मध्ये ११०० डिलाइट, मग फियाटशी करार संपल्यावर प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. नाव बदललं, गाडी तीच. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. इटलीत ते मॉडेल १९६६ मध्ये बदललं. आपल्याकडे ते २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिलं. १९८५ मध्ये ११८ एनई आली ती त्यातल्या त्यात वेगाची. फियाट १२४ ची बॉडी आणि निसानचं ११७१ सीसीचं इंजिन. म्हणजे 'नवीन' म्हणून आलेल्या गाडीची बॉडीही मुळात १९६६ सालची!

तर या काळात 'अपग्रेड' कशाचं करणार? नवीन गाडी आणि जुनी गाडी यांत फरक गंजाचा. वर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. त्यामुळे असलेली गाडी टिकवणं ही हौस नव्हतीच, तो नाइलाज होता. पण या नाइलाजातून एक मोठी गोष्ट तयार झाली. तीस-चाळीस वर्षं एकच इंजिन देशभर असल्यामुळे गावोगावी त्याचा मिस्त्री तयार झाला. अकोला, अमरावती, वाशीम, कुठेही गाडी बंद पडू दे, झाडाखाली बसलेला कुणीतरी ती चालू करून द्यायचा. पार्ट प्रत्येक दुकानात. आजच्या भाषेत सांगायचं तर एकच व्हर्जन, प्रचंड युजर बेस आणि प्रत्येक नाक्यावर सपोर्ट :-)

आता साध्या माणसाला वेग केव्हा मिळाला? स्पोर्ट्स कार म्हणजे शेवटी काय, तर गरजेपेक्षा जास्त पळणारी गाडी. दोन दारं, उघडं छप्पर वगैरे नंतरच्या गोष्टी. या हिशोबाने आपल्या देशातली पहिली मध्यमवर्गीय स्पोर्ट्स कार दोन चाकांची होती. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या तंत्राने राजदूत ३५० काढली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. जपानात ही गाडी ३९ अश्वशक्तीची होती, आपल्याकडे मायलेजसाठी ती आवळून आधी साडेतीस आणि नंतर २७ वर आणली. तरीही लिटरला वीस-पंचवीसच द्यायची. त्या काळात पेट्रोल असं पिणारी मोटरसायकल कोण घेणार? १९९० च्या आतच ती संपली.

त्याच सुमाराला सरकारने १०० सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी जपानी कंपन्यांशी करार करायला परवानगी दिली आणि चार गाड्या पाठोपाठ आल्या. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, १९८६ मध्ये कावासाकी बजाज. यांतली हिरो होंडा फोर-स्ट्रोक, बाकीच्या तिन्ही टू-स्ट्रोक.

हा फरक समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं ही चार कामं चार फटक्यांत होतात, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला स्फोट. त्यामुळे तेवढ्याच सीसीत ताकद जास्त आणि इंजिन हलकं. हिरो होंडाची अश्वशक्ती सात-साडेसात, आरएक्सची अकरा, आणि आरएक्सचं वजन क्विंटलभर. म्हणून ती सिग्नलवरून सुटली की मागचा माणूस बघत राहायचा. पण याची किंमतही होती. टू-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर जायचं भोक उघडं असतानाच ताजं पेट्रोल आत येतं, त्यातलं थोडं न जळताच निसटतं. शिवाय वंगणाचं ऑइल पेट्रोलबरोबर जळतं. तो निळा धूर, तो वास, तो 'टँग टँग' आवाज आम्हाला ज्याच्यासाठी आवडायचा ते म्हणजे थोडक्यात वाया गेलेलं पेट्रोल आणि जळलेलं ऑइल.

१९९१ मध्ये देशात धुराचे पहिले नियम आले, १९९६ मध्ये ते कडक झाले, २००० मध्ये आणखी. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. तिची थोरली बहीण आरएक्स १३५ कशीबशी २००५ पर्यंत टिकली. दरम्यान २००१ च्या शेवटी आपल्या पुण्याच्या बजाजने पल्सर आणली, फोर-स्ट्रोक, १५० आणि १८० सीसी. वेग हवा तर धूर आणि मायलेज सोसा, हे गणित तिने मोडलं. साध्या माणसाला 'ठेवू की बदलू' हा प्रश्न खऱ्या अर्थाने पडला तो इथे.

काकांनी आरएक्स घेतली १९९५ मध्ये. आधी लुना होती. त्या साली कापूस बरा झाला होता. मी तेव्हा दहा वर्षांचा. गावात वेगाची म्हणता येईल अशी ती एकच गाडी आमच्या आळीत, आणि मी टाकीवर बसायचो. आमच्या गावाची स्पोर्ट्स कारच ती. त्यामुळे माझ्यासाठी ती गाडी म्हणजे नक्की काय आहे ते मला माहीत आहे. काकांसाठी ती काय आहे हे मात्र मी तीस वर्षांत विचारलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल की खरीखुरी स्पोर्ट्स कार आपल्याकडे झालीच नाही का? झाली की. गोव्यात, वेर्ण्याला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने 'स्टॉर्म' नावाची दोन सीटांची उघडी गाडी काढली. डिझाइन फ्रेंच, बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचं ११४९ सीसीचं, ६० अश्वशक्ती. गोव्याच्या खाऱ्या हवेत कधीही न गंजणारी बॉडी! पण गाड्या बनल्या मोजक्या आणि उत्पादन पुढे बंद झालं. जे इंजिन त्यात होतं त्या इंजिनाची रेनॉची कुठलीही गाडी तेव्हा भारतात विकली जात नव्हती. म्हणजे नाक्यावरच्या मिस्त्रीने ते इंजिन कधी पाहिलेलंच नाही आणि पार्ट हवा तर परदेशाकडे बघा.

स्टॉर्म आणि पद्मिनी शेजारी ठेवून बघा. एकीची बॉडी गंजत नाही, दुसरीची चाळणी होते. तरी जास्त वर्षं रस्त्यावर राहिली ती दुसरी. कारण गाडी किती जगणार हे पत्र्यावर ठरत नाही. पार्ट मिळतो का, हात लावणारा माणूस आहे का आणि कायदा चालू देतो का, या तीन गोष्टींवर ठरतं. त्यातलं एक जरी गेलं तरी घरातली गाडी हळूहळू शोपीस होते.

पद्मिनीच्या बाबतीत शेवटी कायदा आला. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्या आठवड्यात सगळ्या पेपरांत लेख, फेसबुकवर फोटो. एका युगाचा अंत वगैरे. मीही एक फोटो टाकला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यातल्या किती जणांनी आदल्या महिन्यात टॅक्सीस्टँडवर उभं राहून, पुढची एसीवाली गाडी सोडून, मुद्दाम मागची पद्मिनी घेतली होती? मी तर नाही. एप्रिल-मे मध्ये इंजिनाच्या धगीत बारा तास बसून ते जड स्टिअरिंग वळवणाऱ्या माणसाला युग संपल्याचं किती दुःख झालं असेल, हा प्रश्न मला तेव्हा सुचलाच नाही.

आमच्या गावातही हे एकदा घडून गेलंय. बार्शीटाकळी हे अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं स्टेशन. पूर्वी मीटरगेज. त्या मार्गावरून थेट जयपूरहून येणारी मीनाक्षी एक्सप्रेस जायची. २००८ मध्ये अकोला-पूर्णा ब्रॉडगेज झालं. मी तेव्हा पुण्यात नवा नवा नोकरीला लागलो होतो आणि ती छोटी गाडी गेली म्हणून मी हळहळलो होतो. काकूंना फोनवर तसं म्हणालो तर त्या म्हणाल्या, "बरं झालं. अकोल्याले उतरून सामान घेऊन इकून तिकडं पळाचं मिटलं." मीटरगेजची गाडी ब्रॉडगेजवर जात नाही, त्यामुळे जंक्शनवर माणसांनी गाडी बदलायची आणि मालाची पोती एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरायची. माझ्या आठवणीत फक्त खिडकी होती. काकूंच्या आठवणीत सामान होतं.

तर एवढा सगळा इतिहास चाळून मला जे दिसलं ते असं. जुनं ठेवा असं म्हणणारा आणि जुनं सांभाळणारा हे बहुतेक वेळा दोन वेगळे लोक असतात. होळकरांच्या गॅरेजपासून ताडदेवपर्यंत हेच. पहिल्याच्या वाट्याला आठवण येते, दुसऱ्याच्या वाट्याला किक.

आमच्या धंद्यात याला लेगसी सिस्टिम म्हणतात. वीस वर्षांपूर्वीचा कोड, लिहिणारे सोडून गेलेले, कागदपत्रं नाहीत, पण 'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?' असं म्हणणारे पुष्कळ. असं म्हणणाऱ्यांपैकी एकाचाही फोन रात्री दोनला वाजत नाही. ज्याचा वाजतो तो वेगळा. मी स्वतः तो दुसरा माणूस आहे, अनेक वर्षं आहे, आणि पहिल्या माणसावर चिडण्यात माझे कितीतरी शनिवार गेले आहेत. आणि काकांच्या अंगणात मात्र मी बिनदिक्कत पहिला माणूस होऊन बसलो!

कायद्यानेही या दोघांतला फरक ओळखलाय, थोड्या विचित्र पद्धतीने. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटरसायकलची त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढली. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर. म्हणजे काकांसारख्या रोज वापरणाऱ्याला दर पाच वर्षांनी खिशात हात घालावा लागतो. दुसरीकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' दर्जा मिळतो. फी २०,००० रुपये, नंतर नूतनीकरण ५,०००. पण अट अशी की ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतंच. काकांची आरएक्स या हिशोबाने २०४५ मध्ये व्हिंटेज होईल. तोवर टिकवलीत तर मान मिळेल, फक्त वावरात नेता येणार नाही.

आमच्या गावात कालंका देवीचं जुनं देऊळ आहे. त्यातल्या शिलालेखावर शके १०९८ आहे, म्हणजे इ.स. ११७६ च्या आसपासचं. लहानपणी मला वाटायचं की दगडाचं आहे म्हणून टिकलं. पण वऱ्हाडात त्या काळच्या दगडी देवळांचे नुसते ढीगही जागोजागी दिसतात. या देवळात आजही पूजा होते, रोज कुणीतरी येऊन झाडतं. तेवढा फरक.

असो. तर दोन आठवड्यांनी परत गेलो. या वेळी आधी मिस्त्रींकडे गेलो. काकांची गाडी पहिल्यापासून तेच बघतात. साठी उलटलेली, मुलाचं मोबाईलचं दुकान. मी विचारलं, अजून किती वर्षं चालेल? त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि नीट समजावून सांगितलं. टू-स्ट्रोकचं सिलिंडर घासलं की बोअर करायचं, म्हणजे भोक पाव मिलिमीटरने मोठं करायचं आणि त्या मापाचं पिस्टन टाकायचं. असं चार वेळा, एकूण एक मिलिमीटर. मग ब्लॉकला स्लीव्ह टाका नाहीतर ब्लॉक बदला. काकांच्या गाडीची तीन बोअर झाली आहेत. "एक बोअर बाकी हाय," मिस्त्री म्हणाले, "आन् पार्ट भेटते, पन असली भेटत नाई. डुप्लिकेट टाकलं का सा महिन्यात वापस." मग थोडं थांबून, "गाडीचं काई नाई हो. माह्यं डोये काम देऊन नाई राह्यले. पॉइंटचा ग्याप दिसत नाई मले आता."

एक बोअर शिल्लक, काकांचा गुडघा आणि मिस्त्रींचे डोळे. माझ्याकडे स्प्रेडशीट तयार होती (सवय!), पण ती उघडायची वेळच आली नाही.

संध्याकाळी काकांना म्हणालो की त्या पोरांनी सांगितलेले पैसे मी देतो, गाडी मला द्या, तुम्ही सेल्फवाली घ्या. काका आधी पैशाला नाही म्हणाले. घरच्या गाडीचे पैसे कसले? पण मला ते पैसे द्यायचेच होते. फुकट घेतली असती तर पुन्हा तेच, आठवण माझी आणि खर्च त्यांचा. बराच वेळ घासाघीस झाली, उलट्या दिशेने. मी वाढवतोय, ते कमी करताहेत. शेवटी काकू मध्ये पडल्या.

गाडी देताना काकांनी एकच अट घातली. "शोकेसले नको ठेवजो. चालवजो. नाई चालवली तं त्या पोराईले देऊन टाक."

त्या शनिवारी आणि पुढच्या शनिवारी मी मिस्त्रींकडे बसलो. कार्बोरेटर तीन वेळा उघडून बंद केला. पॉइंटचा गॅप लावायला शिकलो, म्हणजे मी बघायचं आणि त्यांनी सांगायचं. अजून नीट येत नाही. कागदपत्रांचं काम चालू आहे, गाडी सध्या तिथेच आहे, ट्रान्सपोर्टने पुण्याला आणायची आहे. ती इथे रोज चालवीन असं आत्ता छातीठोकपणे सांगत नाही. वर्षभराने याच जागी खरं काय ते लिहीन. न चालवता नुसती पुसून ठेवली असेल, तर अट ठरलेली आहे, त्या पोरांचा नंबर घेऊन ठेवलाय.

परवा काकांना फोन केला. नवी गाडी येऊन आठवडा झाला होता.

"कशी आहे गाडी?"

"आवाज नाई तिले."

मला मनातून जरा बरं वाटलं. म्हटलं, "मग? आरएक्सची आठवण येते का नाही?"

"येते ना," काका म्हणाले. "पन सेल्फ हाय."